न लागलेला हिरवा दिवा

"मॅडम, मशीन बंद पडलंय की ओ. पेशंटच्या गळ्यात नळी आहे माझी अजून."

सुनंदा सिस्टरचा फोन कुंभारीहून होता. मी सोलापुरात, आमच्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, माझ्या टेबलापाशी. दुपारचे बारा वाजले असतील.

पेशंटचं नाव मलप्पा. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. अशा माणसाच्या गळ्याला समोरून भोक पाडतात आणि त्यात नळी बसवतात, श्वास तिथूनच चालतो. खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही, म्हणून तो मशीनने ओढून काढावा लागतो. या मशीनला सक्शन मशीन म्हणतात. आम्ही पेशंटच्या घरी देतो ते जेवणाच्या डब्याएवढं असतं आणि बॅटरीवर चालतं. मलप्पांना आदल्या दिवशी डिस्चार्ज मिळाला होता. सिस्टर त्यांच्या बायकोला मशीन कसं वापरायचं ते शिकवायला गेल्या होत्या, आणि शिकवता शिकवताच ते थांबलं होतं.

"चार्जरला लावा," मी म्हणाले.

"आल्यापासून लावलंय. तासभर झाला. दिवाच लागंना."

मागून एका बाईचा आवाज आला. "अवो सिस्टर, ओठ निळे पडायलेत की ह्यांचे."

"गाडीत पायाचा पंप आहे?"

"ड्रायव्हर आणायलाय."

फोन चालूच राहिला. पायाने दाबायच्या जुन्या पंपाचा आवाज मी अठरा वर्षांत शेकडो वेळा ऐकला असेल, पण तो सुरू व्हायची इतकी वाट कधी पाहिली नव्हती. मग तो सुरू झाला. थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, "निघाला कफ. रंग येतोय चेहऱ्यावर." मग मी फोन ठेवला.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. म्हणजे पेशंटला कधी हात न लावणारी आणि मशीनला दिवसभर हात लावणारी बाई. हॉस्पिटलमधलं प्रत्येक मशीन निवडायचं कुणी आणि बंद पडलं तर उत्तर द्यायचं कुणी, याचं उत्तर एकच, बिराजदार मॅडम. हे मशीनही मीच निवडलं होतं. त्यातही त्याचा चार्जर मी जास्त कौतुकाने निवडला होता.

तळमजल्यावर स्टोअर आहे. तिथे तशीच आणखी तीन मशीनं होती. स्टोअरकीपर अंबादासने एकेक करून मला दाखवली. पहिल्याला चार्जर लावला, चार्ज होताना लागतो तो हिरवा दिवा नाही. दुसऱ्याला लावला, नाही. तिसऱ्यालाही नाही. कुंभारीचं धरून चार. दोन महिन्यांपूर्वी सहा मशीनं घेतली होती, त्यातली चार मेली होती. मी तिथल्या खोक्यावरच बसले.

उरलेली दोन पेशंटांच्या घरी होती. फोन केले. एक माळशिरसला, एक करमाळ्याला. दोन्ही ठणठणीत.

आता चार्जरची गोष्ट सांगते, कारण भानगड तिथे आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

आमच्याकडे पूर्वी प्रत्येक मशीनचा चार्जर वेगळा होता. गोल पिनचा, चपट्या पिनचा, जाड, बारीक. वेळेला नेमका हवा तो सापडायचा नाही. नवीन मशीनं घ्यायची ठरली तेव्हा माझ्यासमोर तीन कंपन्या होत्या. एकीचं मशीन जुन्या गोल पिनवर होतं, चार्ज व्हायला सहा तास. दुसरीचं झटपट चार्ज व्हायचं, पण फक्त त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच केबलवर. केबल हरवली की मशीन म्हणजे पेपरवेट. तिसरीचं यूएसबी पीडी पद्धतीचं. म्हणजे आजकालच्या लॅपटॉपला आणि बऱ्याच फोनला चालतो तोच चार्जर.

फास्ट चार्जिंग म्हणजे बॅटरीत जास्त वीज लवकर भरणं. जुना मोबाईल चार्जर मुकाट्याने पाच व्होल्ट देत राहतो, समोर कोण आहे ते बघत नाही. पीडीचा चार्जर आधी बोलतो. केबल जोडली की तो मशीनला सांगतो, माझ्याकडे पाच आहे, नऊ आहे, पंधरा आहे, वीस आहे, तुला काय चालेल? मशीन म्हणतं, वीस दे. मगच तो वीस व्होल्ट सोडतो. या बोलण्यासाठी पोर्टमध्ये वेगळी पिन असते. समोरून उत्तर आलं नाही तर चार्जर काहीच देत नाही. मला ही पद्धत फार आवडली. विचारल्याशिवाय द्यायचं नाही, ही रीत माणसांतसुद्धा दुर्मीळ आहे, असं मी खरेदी कमिटीसमोर बोलूनही दाखवलं होतं. लोक हसले आणि मंजुरी मिळाली.

तीन वाजता डायरेक्टर सरांनी बोलावलं. केबिनमध्ये ते, मी आणि अंबादास.

सर स्वतः सर्जन आहेत. मलप्पांचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. ते आवाज चढवत नाहीत, आणि त्या दिवशी तर फारच हळू बोलत होते.

"घरची दोन मशीनं चालू आणि स्टोअरमधली, कुंभारीचं धरून, चारही बंद. फरक काय?"

"घरची पेशंटचे लोक चार्ज करतात. स्टोअरची अंबादास करतो," मी म्हणाले.

हे नुसतं उत्तर होतं. पण तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचा आरोप झालेला मला ऐकू आला.

"अंबादास, तुमच्या मेव्हण्याचं मोबाईलच्या सामानाचं दुकान आहे ना?" सरांनी विचारलं.

"व्हय सर. नव्या पेठेत."

"चार्जर ओरिजिनलच आहेत?"

अंबादासला कळायला दोन क्षण लागले. चोवीस वर्षं तो स्टोअर सांभाळतोय. त्याच्या घरी तेलुगू बोलतात, वडील चादरींच्या मागावर होते. मराठी तो जपून बोलतो. "सर, खोक्यातनं काढले तेच हायत. मी कशाला बदलू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, डुप्लिकेट चार्जरने मशीन असं जाऊ शकतं?"

"जाऊ शकतं."

"ओरिजिनल असता तर?"

"शक्यता कमी."

तांत्रिकदृष्ट्या दोन्ही उत्तरं बरोबर होती. मला आजही त्यांची लाज वाटते.

"उद्या सकाळी अकराला मला रिपोर्ट द्या," सर म्हणाले. "अंबादास, तोपर्यंत किल्ल्या मॅडमकडे. चार्जर बदललेले निघाले तर तुम्ही परत यायचं नाही. माझा पेशंट जाता जाता राहिलाय."

अंबादासने खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. की लावून घ्यायचा नव्हता, कुणास ठाऊक.

कुंभारीहून मशीन आणि चार्जर परत आले होते. मी चारही चार्जर टेबलावर मांडले. चार्जर आणि केबलच्या मधे लावायचा एक छोटा मीटर मिळतो, तो किती व्होल्ट चाललेत ते दाखवतो. माझ्या लॅपटॉपला एकेक चार्जर लावला. वीस. वीस. वीस. वीस. लोडवर, म्हणजे वीज ओढत, अर्धा तास ठेवले, तरी आकडा हलला नाही. वजन केलं, छपाई भिंगातून पाहिली, सिरीयल नंबर बिलाशी ताडले. चारही अस्सल. अंबादासने काहीही बदललेलं नव्हतं.

बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. चार्जर चांगले, केबली चांगल्या, तरी चार मशीनं मेलेली. मग मारली कुणी?

मेलेल्या मशीनला मीटर लावला. शून्य. चार्जर विचारत होता आणि मशीनकडून उत्तरच येत नव्हतं. बोलायची पिन गेली होती. ते पोर्ट इतकं चिंचोळं असतं की नुसत्या डोळ्यांनी आत काही दिसत नाही. मी कान-नाक-घशाच्या ओपीडीत गेले आणि कानात बघायचं यंत्र मागून आणलं. मशीनच्या कानात बघायला, असं तिथल्या डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी माझीच तब्येत विचारली.

आत लाल होतं.

लालसर तपकिरी, पिनांच्या मधे बसलेलं. पहिलं मशीन, दुसरं, तिसरं. कुंभारीहून परत आलेल्या चौथ्यातही तेच. सक्शन मशीन पेशंटच्या गळ्यातलं सगळं ओढतं. हॉस्पिटलमध्ये लाल म्हटलं की डोक्यात एकच येतं. रक्त पोर्टपर्यंत पोचलं असेल तर मशीन गेल्याचं दुःख किरकोळ होतं. एका पेशंटचं रक्त घेऊन ते दुसऱ्याच्या घरी गेलं होतं.

इन्फेक्शन कंट्रोलच्या जोशी सिस्टरना बोलावलं. हॉस्पिटलमध्ये जंतू कुठून कुठे जातात यावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. त्यांनी कापसाच्या काडीने थोडं काढलं, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. रक्त असलं तर फेस येतो. आम्ही दोघी त्या काडीकडे बघत राहिलो. फेस आला नाही.

"रक्त नाही," त्या म्हणाल्या. "गंज असेल."

"दोन महिन्यांच्या मशीनला गंज?"

त्या गेल्या. साडेपाच वाजून गेले होते आणि मी जेवलेच नव्हते. डबा उघडला. खिचडीवर पिळायला लिंबाची फोड होती. मी काढून ठेवलेली आणखी एक काडी, लाल लागलेली, डब्याच्या झाकणावर ठेवली होती. लिंबाची फोड आणि ती काडी शेजारी शेजारी बघितली आणि मला माझी मावशी आठवली.

माझं आजोळ करमाळा तालुक्यातलं केम. तिथलं कुंकू सगळीकडे जातं. बाजारातलं बरंचसं आता रंगाचं असतं, पण माझी मावशी अजून घरी हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करते. लहानपणी ते वाळत घातलं की तिचा एकच हुकूम असायचा, लिंबू घेऊन इकडे फिरकायचं नाही. चुन्याने लाल झालेली हळद आंबटाचा थेंब पडला की परत पिवळी होते.

मी लिंबू पिळलं. काडी पिवळी झाली.

दुसरी काडी घेतली, दुसऱ्या मशीनमधून. पिवळी. तिसरी, पिवळी. चौथी करायची गरज नव्हती, तरी केली. अख्ख्या हॉस्पिटलमध्ये मावशीच्या हातचं कुंकू फक्त एका माणसाकडे असतं. दर वर्षी खंडेनवमीला मी ते डबीत घालून आणते.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार करवत पूजतो, ड्रायव्हर गाडी पूजतो. आमच्या डिपार्टमेंटमध्ये मशीनं. पूजा मी करते, आमच्या इंजिनिअरांत सगळ्यात जुनी म्हणून. कुंभारीच्या फोनच्या पाच दिवस आधी मी पाटावर नवीन मशीनं मांडली होती. सहातली दोन आधीच पेशंटांकडे गेली होती, म्हणून चार. कुंकू पाण्यात कालवलं. पहिल्या मशीनकडे बोट नेलं तेव्हा जोशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "मॅडम, नळीच्या बाजूला नको. हँडललाही नको, ते हातात येतं. पेशंटशी संबंध नाही अशा जागी लावा."

मी मशीन फिरवून बघितलं. पेशंटशी संबंध नसलेली एकच जागा होती. मागची बाजू, चार्जिंगचं पोर्ट. तिथे मी बोट टेकवलं. चारही मशीनांना, नीट दाबून, टिळा गोल यावा म्हणून.

तासाभराने अंबादासने चारही मशीनं चार्जिंगला लावली, कारण हॉस्पिटलमध्ये हत्यार दिवसभर पाटावर ठेवून चालत नाही. कुंकू ओलं होतं. त्या पोर्टमध्ये वीस व्होल्टची पिन आणि बोलायची पिन अगदी खेटून असतात, मधे अर्धा मिलिमीटर. बोलायची पिन जेमतेम पाच व्होल्ट सोसते. चार्जरने विचारलं, मशीनने वीस मागितले, वीस आले आणि ओल्या कुंकवातून शेजारच्या पिनेत उतरले. तिथलं बारीक आयसी, म्हणजे चिप, जळालं. बॅटरी आधी भरलेली होती म्हणून मशीनं आणखी काही दिवस चालली आणि कुणाला पत्ता लागला नाही. जुन्या मशीनांनाही मी इतकी वर्षं कुंकू लावत आले होते, पण ती गोल पिनची किंवा पाच व्होल्टची होती. त्यांनी ते निमूटपणे सहन केलं.

एवढं सगळं जुळल्यावर आणखी एक गोष्ट आठवली आणि ती आठवल्यावर मी डबा बंद केला.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी मी प्रसादाचं ताट घेऊन निघाले होते. दाराशी अंबादास म्हणाला होता, "मॅडम, नव्या मशीनींचा हिरवा दिवा लागंना की." मी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "फुल झाली असतील. पीडी आहे, त्याचं त्याला कळतं." आणि मी जिना चढले.

केबिनमध्ये त्याने माझ्याकडे बघितलं होतं ते यासाठी.

रात्री झोप लागली नाही, ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी अकराला मी दोन पानी रिपोर्ट घेऊन सरांसमोर उभी राहिले. त्यांनी पहिलं पान वाचलं. परत सुरुवातीला गेले.

"कुंकू?"

"हो सर."

"तुमचं?"

"माझंच. बोटही माझंच."

त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, हे ट्रस्टींसमोर जाणार. तिथे कुंकवाने मशीन मेलं हे वाचलं की विषय कुठल्या कुठे जाईल. पोर्टमध्ये ओलावा गेला, एवढंच लिहा. ते खोटं नाही."

"आणि अंबादास?"

"त्याला बोलावून घेऊ. विषय संपला."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. ओलावा हा फार सोयीचा शब्द आहे. त्याला कुणाचं बोट नसतं. पण स्टोअरच्या किल्ल्या का काढून घेतल्या होत्या ते कालच संध्याकाळी कँटीनपर्यंत पोचलं होतं. ओलावा लिहिला असता तर अंबादास परत आला असता आणि उरलेली नोकरी लोकांनी त्याच्या मेव्हण्याच्या दुकानावरून डोळे मिचकावले असते.

"सर, ओलावा लिहिला तर लोक म्हणतील त्याला वाचवलं. आणि दुसऱ्या पानाचा शेवटचा परिच्छेद राहून जाईल."

त्यांनी तो वाचला नव्हता, आता वाचला. स्टोअरकीपरने त्याच दिवशी तोंडी कळवलं होतं, बायोमेडिकल इंजिनिअरने तपासलं नाही, असं तिथे होतं. सरांनी चष्मा काढला.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल मला आठवलं नाही सर. ते जास्त वाईट आहे."

रिपोर्ट तसाच गेला. मला लेखी मेमो मिळाला, तो माझ्या फाईलला लागला आहे. मशीनं कंपनीकडे पाठवली, आयसी बदलून तीन आठवड्यांनी परत आली. तोवर मलप्पांच्या घरी पायाचा पंप चालला. त्यांच्या बायकोने तो इतका सरावाने चालवला की दुरुस्त मशीन द्यायला गेल्यावर त्या सुनंदा सिस्टरना म्हणाल्या, "हे बी ऱ्हाऊ द्या की. ह्याला दिवा लागायची वाट बघाया लागत न्हाय." पंप आम्ही त्यांच्याकडेच ठेवला.

अंबादासला मी त्या दिवशी दुपारी फोन केला. तो आल्यावर स्टोअरच्या दारात, कँटीनची दोन माणसं आणि वॉर्डबॉय उभे असताना, किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. "चूक माझी होती," मी म्हणाले, "आणि तुम्ही सांगितलं होतं तेही मी लिहून दिलंय."

त्याने जुडगा मोजला. चोवीस वर्षांची सवय.

"काल सरांसमोर का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुमी बोलताल वाटलं."

मग मी उगाच विचारलं, त्या दिवशी दाराशी तरी दुसऱ्यांदा का नाही सांगितलं.

"तुमच्या हातात परसादाचं ताट होतं मॅडम. मधीच कसं बोलायचं?"

आता सगळ्या पोर्टना रबरी टोपण असतं. खंडेनवमीला मशीनांना कोरडं फूल वाहतो, कुंकू पाटाला लावतो. मावशीला मी यातलं काही सांगितलेलं नाही, ती डबी पाठवते.

मशीन निवडताना मी तीन कंपन्यांचे कागद आठ दिवस वाचले होते. देण्याआधी विचारतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणून हा चार्जर निवडला. त्याच्याच दिव्याबद्दल अंबादास मला विचारत होता, आणि मी त्याच्या हातावर पेढा ठेवला.